नाणे टाका, ग्रंथ घ्या

लहानपणी मिरज स्टेशनावर गाडीला उशीर झाला की वडील आम्हां भावंडांना फलाटावरच्या वजनाच्या यंत्रापाशी नेत. रंगीत दिवे लुकलुकत, चक्र फिरे, आणि नाणे टाकताच पुठ्ठ्याचे चिमुकले तिकीट खाली पडे. त्यावर वजन आणि सोबत भविष्यही! आई म्हणे, "वजन एक वेळ खरं असेल, भविष्य कसलं वाचता?" माणसावाचून भविष्य विकणारे ते यंत्र म्हणजे मला विज्ञानाची परिसीमा वाटे. पुढे इतिहास घेऊन एम.ए. करताना कळले, की ही कल्पना आगगाडीहून कितीतरी जुनी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने अशा एका यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. त्यातून मिळे ते देवळातील पवित्र जल. पाच द्राक्मांचे नाणे आत टाकले की ते दांडीच्या टोकावरील तबकडीत पडे. त्या भाराने दांडी कले, झडप उघडे, पाणी वाहू लागे. नाणे घसरून खाली गेले की दांडी पूर्ववत होऊन पाणी बंद. तीर्थ मोजून मिळे. द्यायला पुजारी नको.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते १८२२ सालचे लंडनमधील यंत्र. त्यातून ग्रंथ विकले जात, तेही सरकारने निषिद्ध ठरवलेले. रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकाने टॉमस पेनचा 'एज ऑफ रीझन' छापला, म्हणून १८१९ मध्ये त्याला धर्मनिंदेच्या आरोपाखाली शिक्षा झाली. तो डॉर्चेस्टरच्या तुरुंगात गेला. दुकान पत्नी जेनने चालवले. तीही तुरुंगात गेली. मागोमाग बहीण मेरी ॲन गेली. मग दुकानातील नोकरांची पाळी आली. खटल्यात साक्षीदार सांगे, 'याच माणसाने मला पुस्तक विकले.' तेव्हा विकणारा माणूसच दिसला नाही तर? म्हणून घड्याळासारखी तबकडी बसवली. तीवर पुस्तकांची नावे. गिऱ्हाइकाने काटा हव्या त्या नावावर न्यावा, पैसे टाकावेत. पुस्तक खाली येई.

युक्ती नामी होती, पण न्यायालयापुढे टिकली नाही. दुकानातील एका नोकराला शिक्षा झालीच. यंत्राला तुरुंगात घालता येत नाही, म्हणून माणसाला घातले! कार्लाइल स्वतः १८२५ मध्ये सुटला.

पुढे १८८३ मध्ये पर्सिव्हल एव्हरिटने लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारे यंत्र आणले आणि हा व्यापार रुळला. पण त्या यंत्रांना पोटाची चिंता होती. कार्लाइलच्या यंत्राला विचाराची.

वाचकहो, लंडनच्या या हकिकतीचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या पेनच्या ग्रंथापायी ही माणसे तुरुंगात गेली, त्याच पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडला. त्या वाचनातून पुढे काय घडले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. हा ग्रंथही इंग्लंडात निर्वेध नव्हता. त्यापायी १७९२ मध्ये खुद्द पेनला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले होते. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचायला कोणीतरी जोखीम घ्यावी लागते, हेच खरे.

हे सारे मी दरवर्षी नववीच्या वर्गात रंगवून सांगतो. गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, "सर, फुल्यांचं 'गुलामगिरी' आपल्या कपाटात आहे. दोनदा मागायला आले. शिपाईमामा म्हणाले, किल्ली सरांकडं आहे, सर मीटिंगला गेलेत."

मी निरुत्तर झालो. पुस्तके हरवतात, या सबबीखाली पंधरा वर्षे ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. इथे ना राजाचा कायदा, ना धर्मनिंदेचा खटला. निषेध होता तो केवळ माझ्या कुलपाचा.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडे केले. बाजूला एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली. वर्षभरात सात पुस्तके परत आली नाहीत. 'गुलामगिरी' त्यांतलेच एक. ते कोणाकडे आहे, याचा मी शोध घेतलेला नाही.