अफूच्या ठेक्यापासून खर्र्याच्या पन्नीपर्यंत

वाशीमला इंग्रजी दप्तरात ‘बासिम’ म्हणत. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि पुढे कापसाच्या या मुलखात अबकारीची घडी बसली. अफू, गांजा, दारू विकण्याचे ठेके लिलावात जात. चढी बोली बोलणाऱ्याला दुकान आणि सरकारला महसूल. अफू काही नवी नव्हती. उत्तरेला माळवा होता. तिथल्या बोंडांना चिरा पाडून काढलेला चीक मुंबईमार्गे चीनला जाई, जमशेटजी जिजीभाईंसारख्यांची दौलत त्या व्यापारातून उभी राहिली. नशेची ओढ जुनीच, पण तिला पाटी, परवाना आणि हिशेबाची वही मिळाली ती या काळात. त्याच्या कितीतरी आधी याच मातीतून विरोधाचा आवाज उठला होता, हे आपण विसरतो. संत सेवालाल महाराज बंजारा तांड्यांना नशेपासून दूर राहायला सांगत. त्यांची समाधी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे.

आता आपण शेताच्या धुऱ्यावर येऊ. निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे लेकरू, आणि माय कापसाच्या ओळीत. भुकेने रडणारे लेकरू दिवसभर निजावे म्हणून त्याच्या जिभेवर अफूचा इवलासा कण ठेवण्याची चाल देशभरच्या कष्टकरी घरांत होती. मुंबईच्या गिरणीकामगार बायाही तेच करत. मात्रा चुकली तर ते लेकरू उठतच नसे. त्या माऊलीला दोष द्यायला मन धजत नाही. मजुरी बुडवून लेकराजवळ बसणे तिला परवडणारे नव्हते. व्यसनाच्या इतिहासात चोरट्या व्यापाऱ्याची गोष्ट मोठ्याने सांगितली जाते, या थकव्याची नाही. 1893 मध्ये विलायतेच्या संसदेतील टीकेनंतर अफूसाठी एक आणि गांजा-भांगेसाठी एक, असे दोन आयोग नेमले गेले. दोन्ही आयोगांनी माफक सेवनात फारसा धोका मानला नाही. महसूल शाबूत राहिला.

मग उलटी वाट सुरू झाली. 1938 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. 1959 मध्ये, वाशीम द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, नोंदलेले व्यसनी सोडून इतरांना औषधाखेरीज अफू विकणे देशभर बंद झाले. मात्र ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर शिरली. 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि पुढच्याच वर्षी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उघडले. माझ्या मते कायद्याहून हे वळण मोठे: व्यसनी माणसाला आरोपी न समजता रुग्ण समजून बरे करणारे दार उघडले.

1905 मध्ये मोडलेला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला पुन्हा झाला. अफूचे दुकान गेले, पण तुरीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वऱ्हाडातून येत राहतात. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तरी खर्रा हटला नाही. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पाटीवर खसाखसा घोटतात, तळहाताला ऊब लागेपर्यंत. पन्नीला गाठ पडते. ती घ्यायला हात पुढे करणाऱ्याच्या खांद्यावर कधी शाळेचे दप्तर असते.