स्वस्त लॅपटॉपची खरी किंमत : जव्हार-मोखाड्यातून दिसणारा पंचवीस वर्षांचा इतिहास

१.
जव्हारचा इतिहास सांगताना मुकणे घराणे, जयविलास राजवाडा आणि १९४८ साली विलीन झालेले संस्थान इथपर्यंत गोष्ट येते आणि बहुधा तिथेच थांबते. शेजारच्या मोखाड्याच्या वाट्याला तर तेवढीही गोष्ट येत नाही. पण एका अगदी अलीकडच्या वस्तूचा इतिहास या दोन तालुक्यांतून फार स्वच्छ दिसतो. ती वस्तू म्हणजे गरिबांसाठीचा स्वस्त संगणक. गेल्या पंचवीस वर्षांत भारतात त्याचा गाजावाजा चार वेळा झाला. त्या चारांपैकी एकही यंत्र आज दुकानात मिळत नाही. असे का झाले, आणि आज स्वस्त लॅपटॉप निवडणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा धागा.

२.
आधी गरज पाहू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार आणि मोखाडा हे त्याचे डोंगराळ तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही इथली वस्ती. भात, नागली, वरई ही पावसावरची पिके. दिवाळी सरली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. अशा घरातले मूल महाविद्यालयात पोहोचते तेव्हा ते बहुतेक वेळा घरातले पहिलेच असते.

३.
त्या मुलाची संगणकावरची कामे साधी असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, प्रकल्पाचे टंकलेखन, नोकरीची जाहिरात. पण ती टाळता येत नाहीत. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानंतर दाखल्यांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन झाले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मोबाइलवर यातले बरेच काही होते. मात्र दहा पानांचा प्रकल्प लिहिणे किंवा पाच कागदपत्रे ठरलेल्या आकारात बसवून चढवणे पाच-सहा इंचांच्या पडद्यावर जिकिरीचे ठरते. मग सेवा केंद्र गाठायचे, म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस.

४.
आता किंमत. २०२३ साली बाजारात आलेल्या एका गाजलेल्या स्वस्त लॅपटॉपची, जिओबुकची, किंमत होती १६,४९९ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे ते यंत्र एका मजुराच्या ५३ दिवसांच्या कामाचे. शहरात ज्याला स्वस्त म्हणतात ती वस्तू इथे जवळजवळ दोन महिन्यांच्या घामाची असते. म्हणून निवड चुकली तर तो तोटा साऱ्या घराला सोसावा लागतो.

५.
पहिला प्रयत्न बंगळुरूचा. भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून घडवलेले 'सिम्प्युटर' २००१ मध्ये जगासमोर आले. हातात मावणारे, लिनक्सवर चालणारे, कळफलकाऐवजी पडद्यावर लेखणीने वापरायचे, आणि भारतीय भाषांतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे हे यंत्र. सुमारे नऊ हजार रुपयांत ते देण्याचा मानस होता.

६.
सिम्प्युटरमागची सर्वांत सुंदर कल्पना यंत्राची नव्हती, वाटपाची होती. एका कुटुंबाला नऊ हजार परवडत नाहीत हे निर्मात्यांनी गृहीतच धरले होते. म्हणून यंत्र गावाचे आणि प्रत्येकाचे आपले छोटे स्मार्ट कार्ड. कार्ड घातले की आपली माहिती समोर यावी, काढले की यंत्र पुढच्याचे. पण २००४ मध्ये ते बाजारात उतरले तोवर मोबाइल झपाट्याने स्वस्त होत होता. मोठी सरकारी मागणी आली नाही, विक्री अपेक्षेच्या मानाने अगदी थोडी झाली.

७.
दुसरा प्रयत्न अमेरिकेतून आला. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली : प्रत्येक मुलाला एक. त्यातून 'एक्सओ' हे हिरवे-पांढरे यंत्र घडले. भर उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाण्यापासून जपलेला कळफलक आणि नेहमीच्या लॅपटॉपच्या मानाने अगदी थोडी वीज. विजेचा भरवसा नसलेल्या खेड्याचा इतका बारकाईने विचार तोवर क्वचितच कुठल्या लॅपटॉपने केला होता.

८.
भारत सरकारने मात्र २००६ मध्ये नकार दिला. केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या योजनेचा शैक्षणिक पाया संशयास्पद आहे आणि देशाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवे आहेत. तेव्हा अनेकांना हा नकार जुनाट वाटला. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जिथे एकाच खोलीत चार इयत्ता बसतात, तो तितका जुनाट वाटत नाही.

९.
तरीही एक्सओ भारतात आले, आणि पहिल्यांदा आले ते महाराष्ट्रात. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत त्याचा प्रयोग सुरू झाला. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे गाव आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे यांची परिस्थिती फार वेगळी नाही. मुलांनी यंत्र पटकन आपलेसे केले. पण एका शाळेतले यश देशभर नेण्याची व्यवस्था उभी राहिली नाही.

१०.
शंभर डॉलरचे वचनही टिकले नाही. उत्पादन सुरू होईतो किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली. पुढे पेरूच्या ग्रामीण भागात एक्सओचे मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. ३१९ शाळांचा तिथला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गणित आणि भाषेच्या चाचण्यांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही. यंत्र शाळेत पोहोचले होते, त्याने काय शिकवायचे हे मात्र ठरले नव्हते.

११.
एक्सओचा खरा परिणाम भलतीकडेच झाला. लहान, हलका, कमी ताकदीचा पण कामापुरता लॅपटॉप खपू शकतो हे कंपन्यांना दिसले. २००७ च्या अखेरीस असुसने 'ई पीसी' आणला : सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, चार जीबी साठवण. नेटबुक नावाचा वर्गच जन्माला आला. आज आपण ज्याला साधा स्वस्त लॅपटॉप म्हणतो त्याचे कूळ तिथे आहे.

१२.
तिसरा प्रयत्न आठवायचा तो सावधगिरीसाठी. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपतीत 'साक्षात' या सरकारी योजनेखाली दहा डॉलरचा लॅपटॉप दाखवला जाणार अशी जगभर बातमी झाली. प्रत्यक्षात समोर आली ती माहिती साठवून ठेवणारी एक छोटी पेटी. तिला ना पडदा होता, ना कळफलक. किंमत आधी ठरवायची आणि वस्तू मागाहून शोधायची, तर हातात काय उरते याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा.

१३.
चौथा प्रयत्न 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी हा टॅबलेट जाहीर केला. सरकारी खरेदीची किंमत सुमारे २,२७६ रुपये. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबावा लागणारा पडदा. यंत्र संथ होते, बॅटरी लवकर उतरत होती. चाचणीच्या निकषांवरून आयआयटी राजस्थान आणि पुरवठादार कंपनी यांच्यात मतभेद झाले. २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे आयआयटी मुंबईकडे, प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे आली.

१४.
आकाश-२ पुष्कळ बरा होता. एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, हलक्या स्पर्शाचा पडदा. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो जाहीर झाला. सरकारला २,२६३ रुपयांना पडणारा हा टॅबलेट विद्यार्थ्याला ११३० रुपयांत देण्याचे ठरले. म्हणजे त्या वर्षीच्या १४५ रुपये मजुरीने आठ दिवसांचे काम. फाटक यांच्या चमूने यंत्राबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणावरही भर दिला, आणि ही दिशा योग्य होती. पण सुमारे लाखभर यंत्रांनंतर योजना थांबली. दुरुस्ती, सुटे भाग आणि नव्या आवृत्तीची सोय करणारे मागे कोणी उरले नाही.

१५.
या चौघांच्या बरोबरीने आणखी एक लढाई चालली होती, ती भाषेची. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये ठरला. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तरी वर्षानुवर्षे मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉण्टांत अडकून राहिला. एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांचा खिचडा होई. आज कुठल्याही लॅपटॉपवर मराठी मोफत टंकता येते. गरिबाच्या संगणकासाठी झालेले हे बहुधा सर्वांत टिकाऊ काम, आणि त्यात कुणाला एकही यंत्र वाटावे लागले नाही.

१६.
स्वस्त शैक्षणिक साधनाचा याहून जुना आणि यशस्वी प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. मॉन्टेसरीची बाहेरून येणारी साधने खेड्याला परवडणार नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या आणल्या. शाळा गुरांच्या कुरणापर्यंतही गेली.

१७.
कोसबाडची साधने स्वस्त होती, पण ती टिकली याचे कारण निराळे होते. एखादा मणी हरवला तर दुसरा अंगणातच सापडत असे. काही मोडले तर तिथलीच बाई ते नीट करी. आणि त्याने काय शिकवायचे हे तिला ठाऊक असे. एक्सओ आणि आकाश यांच्यापाशी नेमक्या याच तीन गोष्टी कमी पडल्या : जवळ मिळणारा सुटा भाग, जवळचा दुरुस्त करणारा आणि वापराचे ज्ञान असलेला माणूस.

१८.
आता या इतिहासाच्या मापाने आजची निवड करून पाहू. समजा, १६,५०० रुपयांचे नवे यंत्र तीन वर्षे चालले. वर्षाला पडले ५,५०० रुपये. समजा, २१,००० रुपयांचे यंत्र एकदा बॅटरी बदलून सहा वर्षे चालले. बॅटरीचे ३,००० धरले तरी वर्षाला ४,००० च. महाग वाटणारे यंत्र स्वस्त ठरले. म्हणून दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. यातला कोणता भाग बदलता येतो, हा असावा.

१९.
अगदी स्वस्त लॅपटॉपांत रॅम बहुधा चार जीबी असते आणि बोर्डवरच कायमची जोडलेली. साठवणही ६४ जीबीची, ईएमएमसी प्रकारची. मोबाइलसारख्या प्रणालीवर, ब्राउझर आणि साध्या टंकलेखनापुरते हे चालते. पण त्यावर विंडोज असेल तर अद्ययावतीकरणातच जागा भरत जाते. रोजच्या कामासाठी आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी ही आज शहाणपणाची रेघ. एवढे असले की प्रोसेसर अगदी नवा नसला तरी निभावते.

२०.
इथे जुन्या कार्यालयीन लॅपटॉपांचा विचार करावा. थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड या मालिकांतील बहुतेक यंत्रे कंपन्यांसाठी घडवलेली असतात : कळफलक दणकट, मागचे झाकण स्क्रूने उघडणारे, सुटे भाग बाजारात मिळणारे. मात्र एक तारीख ध्यानात हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र अगदी कमी किमतीत मिळत असेल तर ते लिनक्ससाठी घ्यावे. सिम्प्युटर ज्या प्रणालीवर उभा होता तीच ही, आजही मोफत.

२१.
मग जागेचा विचार. पावसाळ्यात या डोंगराळ भागात वीज तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरी किती तास चालते हे विकणाऱ्याच्या शब्दावर न सोडता समोर चालवून पाहावे. टाइप-सी चार्जिंग असेल तर पर्यायी चार्जर सहज मिळतो. दमट हवेत यंत्र महिनाभर बंद करून पेटीत ठेवू नये. आणि दुकान दुरुस्तीला धरून निवडावे. नाशिक किंवा पालघरला दोन खेपा झाल्या की ऑनलाइन सवलतीत वाचलेले पैसे भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत निघून जातात.

२२.
शेवटचा मार्ग सिम्प्युटरने दाखवला होता. पाड्यातली चार घरे किंवा वसतिगृहाच्या एका खोलीतली चार मुले मिळून एक चांगले यंत्र घेऊ शकतात. त्यात प्रत्येकाचे वेगळे खाते, वेगळा पासवर्ड. २००१ मध्ये त्यासाठी स्मार्ट कार्ड लागत होते, आज ही सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये मुळातच असते. ५३ दिवसांची मजुरी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन आठवड्यांहून कमी येते. दिल्ली, दावोस आणि तिरुपतीहून आलेली वचने मागे पडली. बंगळुरूची सामायिक वापराची कल्पना आणि कोसबाडचा दुरुस्तीचा धडा मात्र अजून जव्हार-मोखाड्याच्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

(धागा समाप्त)