सैरंध्रीच्या वनातील शिरगणती

केरळातील पालघाट जिल्ह्यात कुंती नदी ज्या अरण्यातून वाहते, त्याला जुने नाव आहे सैरंध्रीचे वन. पुढे इंग्रजीत त्याची सायलेंट व्हॅली झाली. महाभारत वाचलेल्या मराठी माणसास हे वन परके वाटू नये. अज्ञातवासात द्रौपदीने हेच नाव धारण केले होते. आणि ह्या वनाचा एक रहिवासीही फार काळ अज्ञातवासातच होता. तो म्हणजे सिंहपुच्छ वानर.

अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. पंधरा-वीस जणांचा कळप उंच झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो, कुलेनियाच्या काटेरी फळांतील बिया खातो आणि सदाहरित रानात जमिनीवर क्वचितच उतरतो. अशा प्राण्याची मोजदाद करायची कशी? १९६८ साली सुगियामा ह्या जपानी संशोधकाने आपली पाहणी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या दशकात ग्रीन आणि मिंकोव्स्की ह्यांनी दक्षिणेच्या अशांबू डोंगरांत ह्या वानरांचा माग काढला, आणि रानात ती सारी मिळून चारशेच्या आसपास उरली असावीत, असा अंदाज वर्तविला.

त्याच सुमारास, १९७३ साली, कुंतीवरील वीजप्रकल्पास योजना आयोगाची मंजुरी मिळाली होती. धरणाची उंची १३० मीटर. खेड्यापाड्यांत वीज हवी, हे म्हणणे काही खोटे नव्हते. परंतु केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक, कवयित्री सुगतकुमारी, पक्षितज्ज्ञ सलीम अली अशी माणसे विरोधात उभी राहिली, आणि झाडावरचे ते मुके वानर वादाचे निशाण झाले. १९८३ साली प्रकल्प सोडण्यात आला. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

पुढे संशोधकांनी अधिक डोंगर पालथे घातले. कर्नाटकात शिरसी-होन्नावरच्या रानांतही मोठी वस्ती आढळली, आणि एकूण अंदाज तीन हजारांवर गेला. मग चारशेच्या आकड्याने लोकांना फसविले काय? तसे म्हणता येणार नाही. वानरे वाढली नव्हती, मोजणाऱ्यांची पायपीट वाढली होती. आणि पायपीट करण्याजोगे रान उरले होते, म्हणूनच ती मोजता आली. आज अण्णामलैच्या वालपराई पठारावर चहाच्या मळ्यांत तुटून राहिलेल्या रानांतले कळप रस्ता ओलांडतात. त्यांच्यासाठी झाडांमध्ये झुलते पूल टांगावे लागले आहेत. संख्या हजारांत असली, तरी अखंड रान नसेल तर ती किती काळ टिकणार, हा हिशेब अजून बाकी आहे.