दोरी होती, तरी सर्नन का दमला?

अंतराळात वजन जाणवत नाही, मग काम करताना दम का लागावा? एड व्हाइट जून १९६५ मध्ये जेमिनी-४ च्या बाहेर वीसेक मिनिटं तरंगला, तेव्हा सगळं सोपंच वाटलं होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, व्हाइटला बाहेर काही दुरुस्त करायचं नव्हतं. हातातल्या नळकांडीतला वायू लवकर संपला आणि मग तो दोरी ओढूनच फिरला.

आता ५ जून १९६६ कडे या. जेमिनी-९ मधून यूजीन सर्नन बाहेर पडला. त्याला यानाच्या मागच्या टोकाला जाऊन पाठीवर रॉकेटचा संच चढवायचा होता. यानाशी तो साधारण साडेसात मीटरच्या नळीनं जोडलेला. प्राणवायू, वीज आणि सुरक्षेची दोरी, सगळं त्या एकाच वेटोळ्यात. त्यानं तिला 'साप' म्हटलं ते उगाच नाही. नळी स्वतःच ताठ, फुगलेला सूटही ताठ. झडप एका दिशेला फिरवायला जावं, तर शरीर उलट्या दिशेला फिरायचं. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास गेले, हेल्मेटची काच धुक्यानं भरली आणि काम अर्धवट सोडावं लागलं.

गंमत म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम तर आपण शाळेतच शिकतो! दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. आणि सैल असली तर तेही नाही. म्हणजे पाना फिरवताना लांब दोरीचा उपयोग शून्य. उलट ती ताणली गेली आणि ताणाची रेषा वस्तुमानकेंद्रातून गेली नाही, तर माणूस गिरकी घेतो.

सप्टेंबरमध्ये जेमिनी-११ च्या रिचर्ड गॉर्डननं यानाच्या नाकावर घोड्यासारखी मांड ठोकून बघितली. अर्ध्या तासात तोही थकून आत आला.

नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ च्या बझ ऑल्ड्रिनला पाय अडकवायला खोबण्या मिळाल्या आणि कंबरेला दोन आखूड दोऱ्या. त्या कामाच्या जागेजवळच अडकवायच्या. हातानं जोर लावला की त्या ताणल्या जायच्या आणि प्रतिक्रिया यानाकडे जायची. दोन तासांहून जास्त वेळ तो बाहेर होता, बोल्टही फिरवले, तरी दमला नाही. श्रेय बहुतेक जण पाण्याखालच्या सरावाला देतात. सराव झाला होताच, शिवाय मध्ये विश्रांतीही ठरवून दिली होती. पण माझ्या मते आखूड दोऱ्यांचा वाटा कमी लेखला जातो.

जेमिनीचे अहवाल वाचायला घेतलेत तर 'टेदर' शब्दाशी थांबा. तो जीवरक्षक दोरीसाठी येतो, कंबरेच्या आखूड दोरीसाठी येतो, आणि गॉर्डननं दोन यानांमध्ये बांधलेल्या ३० मीटरच्या पट्ट्यासाठीसुद्धा.