आकडा लावणाऱ्याचे घर

मटका हा आकड्यांचा जुगार मुंबईत कापसाच्या भावावरून आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होताना लागलेला भाव तारेने मुंबईला येई आणि त्यावर पैसे लागत. १९६१ मध्ये हे आकडे येणे थांबले. तेव्हा कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी काल्पनिक भावांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढण्याची कल्पना मांडली. कल्याणजी भगत यांचा वरळी मटका १९६२ चा, खत्रींचा १९६४ चा. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, तरी नाव मटकाच राहिले.

गिरणगावात तो घट्ट रुजला, कारण तो स्वस्त होता. पहिल्या सोडतीचा, म्हणजे ‘ओपन’चा, एक आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, दोन्ही सोडतींची जोडी लागली तर नव्वद. शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि मोबदला नऊपट, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे खेळणाऱ्याच्या खिशातून जाणारच. नोकरी असणारा हे दहा पैसे वर्षानुवर्षे भरू शकतो. आकडा हुकला की तोटा भरून काढायला तो दुसरा लावतो, आणि तिथूनच कर्ज सुरू होते.

त्या कर्जाबद्दल कायदा फार पूर्वी बोलला होता. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याने रद्दबातल ठरवला. मुंबई प्रांतात तर १८६५ च्या कायद्यापासून पैजेला आनुषंगिक करारही बाद होते, त्यामुळे पैज लावण्यासाठी दिलेली उसनवारीही कोर्टातून वसूल होत नव्हती. कुटुंबाच्या बाजूने हा केवढा आधार होता! पण बुकी आणि सावकार कोर्टात जात नसत, ते दारात येत. १८८७ चा जुगारबंदी कायदा अड्डा चालवणाऱ्याला आणि अड्ड्यावर सापडलेल्याला शिक्षा देई. बायकोने गहाण टाकलेल्या दागिन्याचा विचार त्यात नव्हता. १९६९ मध्ये राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. लोकांना बेकायदा जुगारापासून वळवणे हा तिचा जाहीर हेतू होता. घरातून पैसा जायचा मात्र थांबला नाही.

घराला पहिला खरा आधार आला तो जुगाराचे नावही न घेता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या सावकारी व्याजात अडकलेल्या होत्या. मंडळाने त्यांना एकमेकींच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाईच्या नावावर स्वतःचा पैसा असणे किती मोलाचे, हे यातून दिसले. जुगाऱ्याच्या कुटुंबाला आज समुपदेशक पहिली सूचना देतात तीही हीच: घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवा आणि त्याचे कर्ज परस्पर फेडू नका. कर्ज फेडले की नवे घ्यायला वाट मोकळी होते.

जुगार हा स्वभावदोष नसून आजार आहे, ही समज उशिरा आली. अमेरिकेत ‘गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस’ १९५७ मध्ये सुरू झाली आणि घरच्यांसाठी ‘गॅम-अ‍ॅनॉन’ १९६० मध्ये. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये जुगाराची विकृती आपल्या यादीत घेतली आणि २०१३ मध्ये तिला व्यसनांच्या गटात बसवले. महाराष्ट्रात हा मार्ग अमली पदार्थ आणि दारू यांच्या व्यसनमुक्तीतून आला. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याची पत्नीही उपचाराचा भाग मानली गेली आणि अशा स्त्रियांचा ‘सहचरी’ गट उभा राहिला. नवरा सुधारेपर्यंत तिने स्वतः थांबून राहायचे नाही, हे त्यामागचे म्हणणे. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने दारूबाजांच्या घरच्यांसाठी ब्रिटनमधली पाच पायऱ्यांची पद्धत आजमावली. ऐकून घेणे, माहिती देणे, तोंड देण्याच्या वाटा तपासणे, आधाराची माणसे शोधणे आणि पुढची गरज ओळखणे, असा तिचा क्रम. जुगाराच्या घरालाही तो तसाच लागू पडतो.

आता मुंबईबाहेरचा कामगार पट्टा पाहा. पालघर आणि बोईसर यांच्या मधले उमरोळी हे गाव २०१३ पासून डहाणूपर्यंत जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर आहे. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. अशा कामगार पट्ट्यात जुगाराचे रूप बदलले आहे. चाळीत आकडा कोण लावतो हे शेजाऱ्यांना ठाऊक असे आणि बातमी घरी पोहोचे. मोबाइलवरचा डाव शेजारी बसलेल्या बायकोलाही कळत नाही. पगार ज्या खात्यात येतो तेच खाते त्या डावाला जोडलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. १८८७ च्या कायद्याहून हा दृष्टिकोन वेगळा आहे आणि त्याचा फायदा कुटुंबाला होतो, कारण मदत मागताना नवऱ्याला पोलिसांत देण्याची भीती उरत नाही. स्त्रीधन विकणे किंवा घरखर्च अडवणे हा २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक छळ ठरतो, आणि त्याविरुद्ध पत्नी दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर घरचे माणूसही स्वतःसाठी बोलू शकते, जुगारी तयार असो वा नसो.