वारें आणि पारा

आपल्या भाषेंत एखाद्यास अर्धांगाचा झटका आला म्हणजे ‘त्याच्या अंगावरून वारें गेलें’ असें म्हणण्याची रीत आहे. आयुर्वेदानेंही पक्षाघाताची गणना वातव्याधींत केलेली असल्यामुळें शास्त्र आणि लोकभाषा यांचें येथें एकमत झालें, आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, मेंदूंतील रक्तस्राव ही अवचित येऊन जाणारी गोष्ट होय, अशी आपली दृढ समजूत होऊन बसली. वारें कोठून आलें हें कोणी विचारीत नाहीं; येण्यापूर्वीं तें चिठ्ठीही पाठवीत नाहीं. ह्या समजुतीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यांतील एक प्रकरण आमच्या वर्धा जिल्ह्याच्या वांट्यास येईल, आणि तेंच येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभींच कबूल केलें पाहिजे कीं, ह्या विषयांत आम्ही तटस्थ नाहीं. दोन वर्षांपूर्वीं चैत्रांत, वर्गावर डलहौसीची कारकीर्द शिकवीत असतां, आमच्या उजव्या हातांतील खडू गळून पडला. तो उचलला, तों पुन्हा पडला. डोक्यांत घण बसावा तशी कळ आली. आम्ही बोलत होतों तें आम्हांस स्पष्ट वाटत होतें, परंतु पुढच्या बांकावरील एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली व म्हणाली, “सर, तुमचं तोंड वांकडं झालंय.” उन्हाचा ताप असेल, थोडें पाणी पितों, असें सांगण्याचा आम्हीं प्रयत्न केला म्हणतात. त्या मुलीनें पाणी पिऊं दिलें नाहीं, घड्याळाकडे पाहून वेळ वहीवर टिपली आणि आम्हांस सरळ रुग्णालयांत नेवविलें. मेंदूच्या डाव्या बाजूस सुपारीएवढा रक्तस्राव झाला होता.

ही हकीकत येथवर ऐकली म्हणजे कोणीही म्हणेल कीं, वारेंच गेलें. पण घरीं परतल्यावर टेबलाच्या खणांत एक चिठ्ठी सांपडली. त्यापूर्वीं चार वर्षें महाविद्यालयांत भरलेल्या आरोग्यतपासणीची ती होती. तिजवर १७०/१०४ असा आंकडा होता आणि खालीं, गोळी सुरू करावी, असें लिहिलें होतें. कांहीं दुखत नव्हतें म्हणून आम्हीं ती खणांत टाकली. कागदपत्रें वाचून पोट भरणाऱ्या माणसानें स्वतःविषयींचा एकमेव अस्सल कागद न वाचतां ठेवून द्यावा, ह्यास काय म्हणावें?

पाऱ्याच्या नळीनें रक्ताचा दाब मोजण्याची युक्ति इटलींतील रिव्हा-रोची ह्यानें १८९६ मध्यें काढली, आणि दंडावरील पट्टी सैल करीत असतां धमनीवर कान ठेवून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ऐकतां येतात हें रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह ह्यानें १९०५ मध्यें दाखविलें. म्हणजे चाळीस वर्षांच्या आंत हें यंत्र आमच्या ह्या कोपऱ्यांतील गांवाच्या इतिहासांत शिरलें. त्याचें कारण गांधीजी.

१९३५ च्या डिसेंबरांत गांधीजी वर्ध्यास असतां त्यांची प्रकृति एकाएकीं ढासळली. दाब फार चढला होता. डॉक्टरांनीं लिहिणें, बोलणें, पत्रव्यवहार, सर्वच बंद केलें, आणि कित्येक आठवडे ‘हरिजन’ पत्रांत त्यांचा लेख आला नाहीं. १९३६ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनीं पुन्हा लेखणी धरली, तेव्हां आरंभींच वाचकांस कळविलें कीं, वैद्यांच्या आणि आपण होऊन तुरुंगाधिकारी बनलेल्या दोघांच्या परवानगीनें आपण हें लिहीत आहों. हे दोन तुरुंगाधिकारी म्हणजे सरदार वल्लभभाई आणि वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज. आपल्या आजाराचा दोष त्यांनीं श्रमापेक्षां मनाच्या काळजीकडे अधिक दिला व आपली अनासक्ति उणी पडली असें मानलें. हें निदान आध्यात्मिक दृष्ट्या कसेंही असो, वैद्यकाच्या दृष्टीनें पुरेसें नव्हतें. कारण पुढेंही पारा उतरला नाहीं. त्यांच्या प्रकृतीचीं टिपणें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१९ मध्यें प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा आंकडा १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० चा २२०/११० असा आहे. दुसऱ्या तारखेस ते रवींद्रनाथांची अखेरची भेट घेऊन शांतिनिकेतनाहून निघाले होते. २२०! आजचा कोणताही डॉक्टर असा आंकडा पाहून रोग्यास आगगाडींत बसूं देणार नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. त्या वेळीं पारा मोजतां येत होता, उतरवितां येत नव्हता. विश्रांति, मौन, कपाळावर व पोटावर मातीची पट्टी, मिताहार, ह्यांपलीकडे फारसा उपाय नव्हता. उतरविणारी मुळी ह्याच देशांत उगवत होती हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. सर्पगंधेविषयीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं १९३१ मध्यें लिहिलें होतें. त्याच वर्षीं सलीमुझ्झमां सिद्दिकी ह्यांनीं तिच्यांतील द्रव्यें वेगळीं केलीं. परंतु मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील ह्यांचा पन्नास रोग्यांवरील अनुभव इंग्लंडांतील हृदयरोगाच्या नियतकालिकांत छापला गेला तो १९४९ सालीं, आणि त्यानंतर जगाचें लक्ष तिकडे गेलें. तोंवर विश्रांति हेंच औषध होतें. पण विश्रांति असें औषध आहे कीं, तें रोग्याच्या गळीं उतरविण्यास जवळ तुरुंगाधिकारी असावा लागतो.

महादेवभाई देसायांस तो नव्हता. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगांवांत राहावयास गेले, महादेवभाईंचें बिऱ्हाड मात्र कांहीं काळ वर्ध्याच्या मगनवाडींत राहिलें. मध्यें पांच-साडेपांच मैलांचें अंतर. तें ते पायीं जात व पायींच परत येत. वैशाखांत वर्ध्याच्या रस्त्यावर भर दुपारीं जो चालला असेल त्यासच ह्या वाक्याचा अर्थ कळेल. १९३८ मध्यें त्यांची प्रकृति कोसळली, सक्तीची विश्रांति घ्यावी लागली. बरे वाटतांच ते पुन्हा कामास जुंपून घेते झाले. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं आगाखान राजवाड्याच्या बंदिवासांत, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, सकाळीं एकाएकीं ते गेले. तो आघात हृदयाचा होता, मेंदूचा नव्हे. परंतु शरीरानें चार वर्षें आधीं दिलेली सूचना आम्हांस विसरतां येत नाहीं.

आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों. जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. सीकरकडील एका खेड्यांतून लहानपणींच ते वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घराण्यांत दत्तक आले. गांधीजींस वर्ध्यास आणणारे, शेगांवची जमीन देणारे, १९२८ मध्यें आपलें लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांस खुलें करणारे, आणि गांधीजींचा पांचवा पुत्र म्हणविणारे हे गृहस्थ १९४१ मध्यें वैयक्तिक सत्याग्रहाच्या तुरुंगवासांतून प्रकृतीच्या कारणास्तव सुटले. मनास शांति हवी होती. त्यांनीं गोसेवेचें काम पत्करलें आणि गोपुरींत झोंपडी बांधून ते राहूं लागले. विश्रांतीच्या शोधांत निघालेल्या कर्तबगार माणसाचें नेहमीं जें होतें तेंच येथें झालें: विश्रांति म्हणून घेतलेलें काम पूर्वीच्या कामांइतकेंच मोठें झालें.

११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास मेंदूंतील रक्तस्रावानें ते वारले. वय बावन्न. तो आठवडा साऱ्या देशाच्या काळजीचा होता. जपानी सैन्य सिंगापुरावर येऊन भिडलें होतें, च्यांग कै-शेक नुकताच दिल्लीस उतरला होता. अशा धामधुमींत एका व्यापारी घरांतील मृत्युची वार्ता सेवाग्रामास गेली. सहा वर्षांपूर्वीं ज्यानें गांधीजींच्या हातांतली लेखणी काढून घेतली, त्याच्या हातांतलीं कामें काढून घेणारा कोणी तुरुंगाधिकारी मात्र नव्हता. जानकीदेवींनीं पतीमागें गोसेवेचें काम शिरावर घेतलें व पुढें विनोबांच्या भूदानांतही त्या वावरल्या. गोपुरींत आज विनोबांची गीताई शिलाखंडांवर कोरलेली उभी आहे. वर छप्पर नाहीं. आम्ही काठी टेकीत प्रथम चालावयास शिकलों तें त्याच दगडांच्या कडेनें, आणि खरें सांगावयाचें तर ह्या लेखाची कल्पना तेथलीच.

जमनालालजींच्या मृत्यूस त्या काळीं लोकांनीं दैवाचा घाला म्हटलें. त्यांस हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण ज्यांच्यापाशीं सारें शास्त्र होतें त्यांनींही तेंच म्हटलें. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं आपलें चित्र काढवून घेत बसले होते. डोक्याच्या मागील बाजूस भयंकर कळ येत असल्याचें सांगून ते बेशुद्ध झाले व गेले. त्यांच्या मुख्य वैद्यानें ही अकल्पित घटना असल्याचें जगास सांगितलें. परंतु त्यांस तपासणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ब्रुएन ह्यांनीं १९७० मध्यें टिपणें छापलीं, तेव्हां उघड झालें कीं, १९४४ च्या मार्चांतच दाब १८६/१०८ होता, पुढें तो चढतच गेला, आणि त्या अखेरच्या दुपारीं ३००/१९० भरला. मधल्या काळांत ते याल्टापर्यंत प्रवास करून आले होते! वारें येथेंही नव्हतें. पारा वर्षभर बोलत होता.

तेव्हां सूचना कोणती म्हणावी? ह्याविषयीं अर्धवट माहितीनें फार घोटाळा होतो. वाढलेला दाब बहुधा कांहींच जाणवूं देत नाहीं. डोकें दुखेल, चक्कर येईल, मग पाहूं, असें म्हणणारा मनुष्य आमच्यासारखाच फसतो. त्याची सूचना एकच, ती म्हणजे पट्टी बांधून घेतलेला आंकडा. दुसऱ्या प्रकारचीं चिन्हें रक्तवाहिनी फुटत असतांनाचीं: पूर्वीं कधीं अनुभवली नाहीं अशी एकाएकीं उठलेली डोकेदुखी, ओकारी, चेहऱ्याची एक बाजू लोंबणें, एका हातापायांतील बळ जाणें, जीभ जड होणें, तोल किंवा दृष्टि जाणें, गुंगी. आमच्याकडे अशा वेळीं कांदा हुंगवितात, तोंडांत पाणी घालतात, पाय चोळतात. गिळण्याची शक्तिच गेलेली असल्यास तें पाणी श्वासनलिकेंत उतरतें. कोणी शहाणा रक्त पातळ करणारी गोळी देतो. रक्तस्राव असेल तर ती विषासारखी. वाहिनी फुटली आहे कीं तुंबली आहे हें बाहेरून सांगतां येत नाहीं, आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध. हाउन्सफील्डच्या यंत्रानें १९७१ मध्यें जिवंत माणसाच्या मेंदूचा छेद प्रथम दाखविला. जमनालालजींच्या काळीं कोणत्याही डॉक्टरास तो दिसण्याचा मार्गच नव्हता. आमच्या विद्यार्थिनीनें टिपलेली वेळ डॉक्टरांनीं प्रथम विचारली, हें आम्हांस मागाहून कळलें.

बरें होण्याविषयीं थोडें. सांचलेलें रक्त हळूहळू शोषलें जातें, आणि मेंदूचा शेजारचा भाग मेलेल्या भागाचें काम शिकूं लागतो. पहिल्या कांहीं महिन्यांत ही प्रगति जलद, पुढें मंद, पण थांबत नाहीं. पाश्चरास १८६८ मध्यें, पंचेचाळिसाव्या वर्षीं, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू राहिली, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यानंतर सतरा वर्षांनीं, १८८५ मध्यें, त्यानें टोंचविली. हें उदाहरण आम्हांस आमच्या एका मित्रानें रुग्णशय्येवर ऐकविलें तेव्हां फार राग आला होता. त्या वेळीं आम्हांस सदऱ्याची गुंडी लावतां येत नव्हती, आणि पाश्चराची गुंडी कोण लावीत असे हें त्यास सांगतां येईना. पहिले दोन महिने आम्ही पाटीवर बाराखडी गिरवीत होतों. ‘ळ’ सर्वांत शेवटीं आला. शब्द आठवूनही ओठांवर येत नाहीं हें दुःख ज्यानें आयुष्यभर बोलूनच मिळविलें त्यास अधिक झोंबतें, आणि अकारण रडूं येतें तें वेगळेंच. घरच्या माणसांनीं त्या रडण्याचा अर्थ मनाचा दुबळेपणा असा लावूं नये. तोही जखमेचाच भाग असतो, आणि ओसरतो.

आतां उजव्या हातानें लिहितां येतें, अक्षर मात्र पूर्वीचें राहिलें नाहीं. रोज सकाळीं एक गोळी घेतों आणि आंकडा वहींत टिपतों. ही वही पत्नीच्या ताब्यांत असते. तिनें आपण होऊन तुरुंगाधिकाऱ्याची जागा घेतली आहे, आणि तिचा स्वतःचा दाब पाहण्याचें काम, पुष्कळ वादानंतर, गेल्या महिन्यापासून आम्हांकडे आलें आहे. पहिल्याच दिवशीं तो १५६/९८ निघाला.