इओसेपा : हवाई बेटांवरचा पंधरा वर्षांचा मिशनरी

मिशनरी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. लांब कोट, हातात बायबल, पाठीशी शाळा, दवाखाना आणि छापखाना, आणि या सगळ्यामागे गोऱ्या सत्तेची लांबलचक सावली. अमेरिकन मराठी मिशन, अहमदनगर, ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक यांच्यामुळे हे चित्र आपल्याकडे पुष्कळ तपशिलांनिशी रंगवले गेले आहे. त्यातली बहुतेक माणसे शिकलेली, प्रौढ आणि मिशनकडून पगार घेणारी होती. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या रोजनिशा आणि पत्रे वाचण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे. त्या वाचनात या चित्राशी अजिबात न जुळणारा एक मुलगा भेटला. त्याचे नाव जोसेफ एफ. स्मिथ. १८५४ मध्ये तो हवाई बेटांवर धर्मप्रचारासाठी उतरला तेव्हा त्याचे वय पंधरा वर्षांचे होते. पगार नाही, धड शिक्षण नाही, स्थानिक भाषेचा गंध नाही. तो तिथे किती जणांना बाटवून आला, यापेक्षा तो तिथे जगला कसा, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

मॉर्मन पंथ तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने तो स्थापन केला. आपला मुलगा म्हणजे या संस्थापकाचा पुतण्या. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने घुसून संस्थापकाला आणि त्याच्या भावाला, म्हणजे या मुलाच्या वडिलांना, गोळ्या घातल्या. मुलगा पाच वर्षांचा होता. पुढे पंथाने पश्चिमेकडे स्थलांतर केले, तेव्हा आई मेरी फील्डिंग स्मिथ हिने मुलांना घेऊन १८४८ मध्ये सॉल्ट लेकचे खोरे गाठले. त्या प्रवासात नऊ वर्षांचा जोसेफ बैलांची गाडी हाकत होता. १८५२ मध्ये आईही गेली. तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून लहान बहीण मार्था अ‍ॅन पोरकी झाली. बहिणीला चामडी पट्ट्याने मारायला निघालेल्या मास्तरलाच त्याने बदडून काढले आणि तिथे त्याची शाळा संपली, अशी हकीकत सांगितली जाते. एप्रिल १८५४ च्या धर्मपरिषदेत हवाईला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वाचले गेले. मॉर्मन पंथात मिशनरी स्वतःहून अर्ज करत नसे. वरून नाव पुकारले जाई आणि त्याने निघायचे असे.

निघायचे म्हणजे स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या कमाईवर. कॅलिफोर्नियापर्यंतचा प्रवास खुष्कीचा. तिथे पोहोचल्यावर जहाजाच्या भाड्याचे पैसे नव्हते, म्हणून तो छपराच्या लाकडी फळ्या पाडणाऱ्या कारखान्यात मजुरीला राहिला. सप्टेंबरमध्ये ‘व्हाकेरो’ नावाच्या जहाजाने निघून २७ तारखेला तो होनोलुलूला लागला. तिथून त्याला माउई बेटावर हालेआकाला या प्रचंड ज्वालामुखीच्या उतारावर कुला भागात पाठवण्यात आले. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोटलेल्या गर्दीला बटाटे पुरवण्यासाठी त्या काळात या भागात बटाट्याची शेती जोरात होती. तिथल्या एका वस्तीत, स्थानिक लोकांच्या घरात, त्याचा सोळावा वाढदिवस गेला.

तो उतरला ती बेटे कशी होती, हेही पाहिले पाहिजे. हवाई तेव्हा अमेरिकेचा भाग नव्हते. स्वतंत्र राज्य होते. त्याच वर्षी डिसेंबरात तिसरा कामेहामेहा राजा वारला आणि चौथा गादीवर आला. १८२० पासून बोस्टनच्या मिशन मंडळाचे लोक तिथे होते. आपल्याकडे १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले मिशनरी याच मंडळाचे. मुंबईप्रमाणे तिथेही त्यांनी छापखाना आणला, बोलीला बारा अक्षरांची लिपी दिली आणि १८३९ मध्ये संपूर्ण बायबल हवाई भाषेत पुरे केले. पण जहाजांबरोबर केवळ पुस्तके आली नाहीत. १८४८-४९ मध्ये गोवर आणि डांग्या खोकला आला. १८५३ मध्ये देवीची साथ आली आणि तिने हजारोंचा बळी घेतला. त्या वर्षीच्या शिरगणतीत साऱ्या बेटांवर मिळून जेमतेम त्र्याहत्तर हजार माणसे उरली होती. म्हणजे आपला मुलगा ज्या घरांमध्ये शिरला, त्यांतली बरीच घरे वर्षभरापूर्वीच कोणाला ना कोणाला मूठमाती देऊन बसलेली होती. त्या घरांनी एका परक्या, गोऱ्या पोराला आत घेतले, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या प्रवचनांहून मोठी वाटते.

त्याच्याआधी चारच वर्षे, डिसेंबर १८५० मध्ये, पहिले दहा मॉर्मन मिशनरी तिथे आले होते. त्यांचा डोळा बेटांवरच्या गोऱ्यांवर होता. गोरे ऐकेनात, तेव्हा निम्मे लोक लवकरच परत गेले. जे राहिले त्यांत तेवीस वर्षांचा जॉर्ज क्यू. कॅनन होता. स्थानिकांची भाषा शिकल्याशिवाय इथे काही होणार नाही, हे त्याने ओळखले. हवाईतला एक सुशिक्षित न्यायाधीश योनाताना नापेला याच्या मदतीने त्याने ‘मॉर्मनचे पुस्तक’ हवाई भाषेत आणले. त्यामुळे जोसेफ आला तेव्हा धोरण ठरलेले होते : लोकांत राहा, त्यांचे खा, त्यांचे बोला.

त्यांचे खायचे म्हणजे काय, ते मराठी माणसाला चटकन समजेल. हवाईचे मुख्य अन्न पोई, आणि पोई होते आपल्या अळवाच्या कंदांची. आपण पाने खातो आणि कंद उकडून उपासाला किंवा भाजीला घेतो. ते लोक कंद शिजवून दगडी बत्त्याने कुटतात, पाणी घालून सैलसर करतात आणि आंबू देतात. एका भोपळ्याच्या भांड्याभोवती सगळे बसतात आणि बोटांनी खातात. किती पातळ आहे ते एक बोटाची, दोन बोटांची, तीन बोटांची असे सांगितले जाते. गव्हाच्या पावावर वाढलेल्या मुलाला त्या आंबट लगद्याची पहिल्यांदा शिसारी येणे स्वाभाविक होते. झोपायला गवताने शाकारलेली झोपडी, खाली चटई, चटईत पिसवा. खडकाळ लाव्हावरून मैलोन् मैल चालताना बुटांचे तळ झिजून जात.

ही गैरसोय त्याने गोड मानून घेतली असे नाही. त्याच्या आधीच्या वह्या लानाई बेटावरच्या आगीत गेल्या. हाती उरल्या आहेत त्या १८५६-५७ च्या. त्यांत घाणीबद्दलची चीड आहे, घरची आठवण आहे, पत्र न आल्याची कुरकुर आहे आणि स्थानिक लोकांबद्दल आज वाचवणार नाहीत असे शब्दही आहेत. पंथाचे भक्त चरित्रकार ही पाने घाईने उलटतात. टीकाकार तेवढीच पाने वाचतात. मला दोन्ही पटत नाही. ज्या दिवशी त्याने यजमानांना नावे ठेवली, त्या दिवशीही तो त्यांच्याच भांड्यातून जेवला होता. बहीण मार्था अ‍ॅनला लिहिलेल्या पत्रांत तो वडिलकीचा आव आणून उपदेश करतो आणि त्याच पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका जागोजागी डोकावतात. एक पोर मोठ्या माणसाचा अंगरखा घालून वावरते आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते.

अंगरख्याचीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. आगीत सामान जळाल्यावर काही दिवस त्याच्यात आणि सोबत्यात मिळून कपड्यांचा एकच बरा जोड होता. एकाने तो घालून सभेला जायचे, दुसऱ्याने घरी बसायचे. पुढच्या वेळी उलट.

याच वास्तव्यात तो मोठ्या तापाने अंथरुणाला खिळला. मा माहुही नावाच्या हवाई बाईने त्याची पोटच्या मुलासारखी शुश्रूषा केली. दोन वर्षांपूर्वी आई गमावलेल्या मुलाला परक्या भाषेत आई मिळाली. भाषाही त्याने वेगाने उचलली. बेटांवर उतरल्यापासून शंभर दिवसांत आपण तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू लागलो, असे तो पुढे सांगत असे. त्याची श्रद्धा याला ईश्वरी देणगी मानत होती. मला त्यात चुलीजवळची शाळा दिसते. ज्याला जेवण मागायलाही भाषा लागते, तो ती लवकर शिकतो. हवाई भाषेत शब्द व्यंजनावर थांबत नाही, म्हणून जोसेफचा ‘इओसेपा’ झाला. त्याला शिकवणारे तेच होते, ज्यांना शिकवायला तो आला होता.

इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. याच सुमारास, १८५१ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत आला आणि पुढे पुण्याला गेला. तो जोसेफहून बराच मोठा आणि जाणता होता. त्याने मराठी शिकायला घेतली. मूठभर मंडळी त्याला मिळाली, पण काम लष्कराच्या परिघाबाहेर फारसे गेले नाही आणि काही वर्षांत हिंदुस्थानातली ही सगळी खटपट गुंडाळली गेली. याची कारणे अनेक आहेत. मला एक विशेष वाटते. मॉर्मन मिशनऱ्याने जवळ थैली न बाळगता, लोकांच्या घरी मिळेल ते खाऊन फिरायचे, असा दंडक होता. ही एका अर्थाने माधुकरी होती. पण माधुकरी घालणारे घर लागते, आणि पेशवाई जाऊन तीन दशके झालेल्या पुण्यात गोऱ्या परधर्मीयाला वार लावून जेवू घालणारे घर कुठून मिळणार? सोवळ्याच्या शहरात त्याला पंक्तीला जागा नव्हती, म्हणून तो साहेबांच्या वस्तीत राहिला. हवाईत पंक्ती मोकळी होती, म्हणून सोळा वर्षांचे पोर तरले.

पुढे माउई, हिलो, कोहाला, मोलोकाई असा फिरत, वयाने दुप्पट असलेल्या लोकांचे गट सांभाळत तो तीन वर्षे राहिला. १८५७ च्या शरद ऋतूत युटा आणि अमेरिकन सरकार यांच्यातला संघर्ष पेटू लागला, तेव्हा त्याला परत बोलावण्यात आले. १९०१ मध्ये तो पंथाचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष असताना हवाईला गेला, तेव्हा स्वागताच्या गर्दीत एक आंधळी म्हातारी हातात केळी घेऊन ‘इओसेपा, इओसेपा’ अशा हाका मारत चाचपडत पुढे आली. ती मा माहुही होती. त्याने धावत जाऊन तिला कवटाळले, असे बरोबरच्या सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

भक्तांची कथा इथे संपते. इतिहास मात्र थोडा पुढे जातो. १८८० च्या दशकात हवाईतले काही मॉर्मन कुटुंबांसह युटाला आले. पंथाच्या पवित्र भूमीत राहावे ही त्यांची इच्छा. सॉल्ट लेक शहरात त्यांना शेजार मिळेना, कामे मिळेनात. अखेर १८८९ मध्ये शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर, स्कल व्हॅली नावाच्या ओसाड खोऱ्यात त्यांची वेगळी वसाहत बसवण्यात आली. तिचे नाव ठेवले ‘इओसेपा’, त्याच मुलाच्या सन्मानार्थ. अळू तिथे येत नव्हते. हिवाळ्यात हिम पडे. १८९६ मध्ये काही जणांना कुष्ठरोग असल्याचे आढळले आणि त्यांना वेगळे ठेवण्यात आले. तरीही त्या लोकांनी पाणी आणले, झाडे लावली, रस्ते आखले; एके काळी तिथे दोनशेहून अधिक माणसे नांदत होती.

१९१५ मध्ये स्मिथने हवाईतल्या लाइए गावी मंदिराची जागा मुक्रर केली. तेव्हा पवित्र स्थळ आपल्याच बेटावर होणार म्हणून वसाहतीतले लोक परत निघाले आणि १९१७ पर्यंत इओसेपा रिकामे झाले. मंदिर पुरे झाले १९१९ मध्ये. ते पाहायला स्मिथ उरला नव्हता. १९१८ च्या नोव्हेंबरात तो वारला.

हवाईने या मुलाला घरात घेतले. युटाने हवाईच्या माणसांना गावाबाहेर जागा दिली. दोन्ही गोष्टींना नाव एकच आहे. या विषयावरचे ग्रंथ बहुधा पहिली गोष्ट सविस्तर सांगतात आणि दुसरी तळटिपेत टाकतात. माझ्या मते त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पहिलीचे मोल कळत नाही. स्कल व्हॅलीत त्या वसाहतीची दफनभूमी आजही आहे. दरवर्षी मेच्या अखेरीस हवाई आणि पॉलिनेशियन कुटुंबे तिथे जमतात, थडगी झाडतात, फुलांच्या माळा वाहतात आणि त्या वाळवंटात एकत्र बसून जेवतात.